पायरोग्राफी आणि तेलरंग एकाच फळीवर: माणसं काढताना

गेरू

पायरोग्राफीवर, म्हणजे तापवलेल्या टोकाने लाकूड डागून चित्र काढण्यावर, इथे आधी धागे होऊन गेलेत, पण ते सगळे गणपती, मोरपीस आणि दारावरच्या नावाच्या पाट्या यांच्यापाशी थांबतात. तेलरंगांचे धागे वेगळेच. दोन्ही एकाच फळीवर, आणि तेही माणूस काढायला, याबद्दल अधूनमधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सध्या हातात आहे तो कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान. कमरेपर्यंतचा, थोडा वळलेला, खांद्यावर आणि पाठीवर तांबडी माती. फळी शिवणीची. विषय मुद्दाम असा घेतलाय, कारण शिवणीचा फिकट पिवळसर रंग हाच अंगाचा मधला टोन म्हणून तसाच सोडता येतो. सावली त्याहून गडद, ती डागून काढायची. उजेड त्याहून फिकट, तो रंगाने. मधला जो मोठा भाग उरतो तिथे काहीच करायचं नाही. हे 'काहीच न करणं' सगळ्यात जड जातं, हात शिवशिवत राहतो.

थोडक्यात माझं म्हणणं एवढंच आहे: अंधार आगीने करायचा, उजेड आणि रंगाची ऊब तेलरंगाने. दोघं एकाच जागी एकच काम करायला लागले की चित्र मळकट झालंच म्हणून समजा.

तेलरंगवाल्यांना यात नवं काही नाही. कच्च्या किंवा भाजलेल्या अंबरने (मातीचा तपकिरी रंग) आधी खालचं तपकिरी चित्र, म्हणजे अंडरपेंटिंग, करून घेतात, त्यावर ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, चढवतात. इथे त्या अंबरच्या जागी डागलेलं लाकूड. फरक असा की अंबर पृष्ठभागावर बसतो आणि हा तपकिरी रंग म्हणजे लाकूडच असतं. रेघेला खोली असते. बाजूने उजेड पडला की ती दिसते, आणि पातळ ग्लेझ फिरवून कापडाने पुसलं की रंग त्या खाचेत थोडा जास्त थांबतो. हा परिणाम नुसत्या कुंचल्याने येत नाही.

आता कामाचं.

डागताना काळं करायचं नाही. चॉकलेटी रंगावर थांबायचं. लाकूड साधारण २०० अंशांच्या पुढे तपकिरी व्हायला लागतं; घाईत टोक लाल करून टेकवलं की वरचा थर कोळसा होतो. कोळसा भुसभुशीत असतो. त्यावर ब्रश फिरला की काजळी शेजारच्या कपाळावर जाते, आणि रंगाला धरायला खाली घट्ट काही राहत नाही. टोक आधी टाकाऊ तुकड्यावर टेकवून बघा, मग फळीवर. हात हलता असतानाच टेकवा आणि हलता असतानाच उचला. थबकलात की तिथे ठिपका पडतो आणि तो पुसला जात नाही, खरवडावा लागतो.

पैलवानाचा कान बघा (फोटो ३). घासून घासून मोडलेला, वरची पाळी सुजून गोळा झालेली. आतल्या घडीची रेघ पातळ पात्यासारख्या टोकाने एका दमात ओढली. सुजेची गोलाई चमच्यासारख्या टोकाने, आच अगदी मंद ठेवून, छोटी वर्तुळं फिरवत आणली. गोळ्याचा वरचा भाग कोरा लाकडाचाच आहे. रंग म्हणाल तर फक्त पाळीच्या कडेला, जिथून मागचा उजेड आरपार येतो तिथे, क्विनाक्रिडोन रोझ या गुलाबी रंगात किंचित पिवळा आणि तोही बोटाने पसरलेला. अख्ख्या कानाला रंगाचे एवढेच दोन ठिपके.

मातीसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा गेरूच, जाडसर, कोरड्या ब्रशने. लंगोटाचा लाल मात्र अपारदर्शक लावलाय, कारण त्या घड्या मी डागल्याच नव्हत्या.

डागणं संपल्यावर मऊ ब्रशने झटकून, दोन्ही बाजूंना सीलर (लाकडात तेल उतरू न देणारा थर), मग रंग. सीलरबद्दल खाली बोलूच, त्यावर इथे भांडणं होणार हे माहीत आहे.

सुगरण_खार

वाचनखूण साठवली. कान भारी जमलाय! फोटो १ दिसत नाहीये मात्र. सोल्डरिंग आयर्नने होईल का हे सगळं, की डागायचं पेनच घ्यावं लागेल?

गेरू

@सुगरण_खार, फोटो बदलला, आता बघ. २५ वॅटची साधी सोल्डरिंग घेतलीस तर रेघ आणि ठिपके येतील, शेडिंगला वैताग येईल. तिची आच कमी-जास्त करता येत नाही आणि हातात धरायची जागा टोकापासून लांब असते, त्यामुळे चेहऱ्यावर हात स्थिर राहत नाही. पाट्या करायच्या असतील तर पुरे. माणूस काढायचा असेल तर तारेच्या टोकाचं, बटणाने आच बदलता येणारं पेन घे.

शंकासुर

लेख छान, पण मूळ प्रश्न उरतोच. रंगच लावायचाय तर जाळायचं कशाला? आणि जाळायचंच आहे तर रंग का? मला तर हे दोन्हीकडून सवलत घेतल्यासारखं वाटतं. डागलेल्या रेघेत रंग भरलेली चित्रं प्रदर्शनांत बघितली आहेत, रंगवायच्या वहीतल्या पानांसारखी दिसतात. ही हौसेच्या वर्गातली गोष्ट आहे, तिला उगाच पोर्ट्रेटचा मान देऊ नका.

तुळसवाडी

शंकासुर, तुम्ही ज्याला रंगवायची वही म्हणताय त्याचा खराखुरा इतिहास आहे. एकोणिसावं शतक संपताना अमेरिकेत पायरोग्राफीचं वेड आलं होतं. बासवुड नावाच्या लाकडाचे डबे, फळ्या, वर चित्र आधीच छापलेलं. घरी बसून रेघा डागायच्या आणि आत रंग भरायचा. अशा संचांची विक्री टपालानेही चालायची. माध्यमाचं नाव जे खाली आलं ते त्या बाह्यरेषेमुळे. सगळीकडे सारख्या जाडीची काळी कड, आत सपाट रंग.

त्याच काळात जे. विल्यम फॉस्डिक नावाचा चित्रकार होता (१८५८–१९३७). त्याचं जोन ऑफ आर्कच्या आराधनेचं १८९६ चं डागलेल्या लाकडाचं मोठं काम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. त्याच्याही आधी रॉबर्ट बॉल ह्यूज, मूळचा इंग्लंडचा शिल्पकार, बॉस्टनकडे स्थायिक झालेला. तो तापवलेल्या सळईने लाकडावर चित्रं काढायचा. शिल्पकार असल्यामुळे असेल, पण त्याला कडेपेक्षा वस्तुमानात रस होता. तेव्हा हौस विरुद्ध कला असा हा मामला नाही, कड काढायची की नाही एवढाच आहे. गेरूच्या पैलवानाला बाह्यरेषा नाही, बघा नीट. खांदा संपतो तिथे मागची पार्श्वभूमी डागून गडद केली आहे आणि खांदा कोराच आहे.

स्वतःबद्दल सांगायचं तर मी शिकले ती तेलरंगातली व्यक्तिचित्रं, पायरोग्राफीत फार नंतर आले. आणि एका बाबतीत माझा गेरूशी मतभेद आहे. डोळे अजिबात डागू नयेत. बुबुळाचा काळा तपकिरी डाग म्हणजे मेलेला डोळा. डोळ्याची सावली ओली असते, थंड असते, आणि आगीकडे थंड रंग नाहीच. तिच्याकडे पिवळ्यापासून काळ्यापर्यंत जे आहे ते सगळं गरम. थोडा अल्ट्रामरिन मिसळलेला राखाडी तिथे लागतोच.

लहान मुलांचे आणि तरुण बायकांचे गालही तसेच. डागलं की वय वाढतं. माझ्याकडे लोक फोटो घेऊन येतात, 'आमच्या छकुलीचं लाकडावर करून द्या'. मी नाही म्हणते किंवा चेहरा पूर्ण रंगात आणि फक्त केस व फ्रॉक डागून करते. सुरकुत्या, मिशा, घोंगडी, मुंडासं, दोरखंड, राकट हात: इथे आग राज्य करते.

गेरू

तुळसवाडीताई, गालांचं शंभर टक्के मान्य. डोळ्यांचं अर्धंच. वरच्या पापणीची रेघ आणि तिची बुबुळावर पडणारी सावली मी डागतोच, बुबुळ रंगात. पापणीसुद्धा रंगात केली की डोळा बाकी चेहऱ्यापासून सुटून वर तरंगायला लागतो.

अवांतर: फॉस्डिकच्या काळचं हत्यार मुळात शस्त्रक्रियेचं होतं. पाक्लँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८७० च्या दशकात जखमा डागायला एक उपकरण काढलं. आत पोकळ प्लॅटिनमचं टोक, रबरी फुगा दाबत राहायचा, बेंझिनची वाफ टोकात जात राहते आणि टोक लाल राहतं. तेच लाकडावर आलं. म्हणजे एका हाताने रेघ ओढायची आणि दुसऱ्याने फुगा दाबायचा. आपण उगाच बटणाच्या तक्रारी करतो.

शंकासुर

कड न काढण्याचा मुद्दा पटला. 'दोघं एकच काम करायला लागले की मळतं' हेही पटतंय. पण मग रंग खाचेत थांबतो म्हणून जे कौतुक केलंय, ते एकाच जागी दोघांनी काम करणं नव्हे काय?

गेरू

बरोबर पकडलंत. खाचेत जो ग्लेझ थांबतो तो सावलीला अंधार देत नाही, रंग देतो. डागलेली सावली नुसती तपकिरी असते. पैलवानाच्या बरगडीखालच्या सावलीत मातीचा तांबडा परावर्तित होऊन यायला हवा, तो अलिझारिनसारखा लाल पातळ फिरवून आला. अंधार किती हे आगीनेच ठरवलं होतं. (खरं अलिझारिन क्रिमसन उजेडात उडतं, म्हणून मी क्विनाक्रिडोन वापरतो.)

रंधा

आमचं घराणं सुतारांचं, सावंतवाडीजवळचं. लाकडाबद्दल चार गोष्टी सांगतो, कलेतलं मला कळत नाही.

पाइन घेऊ नका. खोक्यांतून निघतं, स्वस्त मिळतं, म्हणून सगळे तेच घेतात. त्याच्यात एक रेषा मऊ आणि एक कडक असते. मऊ रेषेत टोक खोल जातं, कडक रेषेवर घसरतं. चेहऱ्यावर पट्टे उठतात. शिवाय राळ सुटते, टोकाला चिकटते.

सागावर डागता येतं, पण साग मुळात तपकिरी, सावली दिसायची कशी? आणि सागात स्वतःचं तेल असतं. शिसवीतही. त्यांच्यावर तेलाचं पॉलिश सुकायला त्रास देतं, तुमचे तेलरंगही देणार.

हेदू मिळाला तर घ्या. पिवळसर, बारीक पोताचा, टोक लोण्यातून गेल्यासारखं जातं. शिवण ठीकच, हलकी आणि फिकट. आमच्याकडे खेळण्यांना पांगारा वापरायचे, तो मऊ आणि सच्छिद्र, बारीक कामाला नाही चालायचा. आंब्याचं लाकूड एका फळीत तीन स्वभावाचं निघतं. बर्च प्लाय बरा, फक्त वरचा पापुद्रा पातळ असतो, खोल गेलात की खाली गोंद जळतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) डागूच नका, ती फळी गोंदावरच उभी असते आणि त्याचा धूर वाईट. तेच जुन्या दाराच्या पॉलिश केलेल्या फळीचं.

आणि फळी घेताना रेषे माणसाच्या उभ्या अंगाने येतील अशी निवडा. आडव्या रेषांवर चेहरा काढलात की प्रत्येक रेष सुरकुती होते.

मिनेसोटा_मावशी

आमच्याकडे बासवुड भरपूर. इथलंच झाड आहे, कुठल्याही क्राफ्टच्या दुकानात फळी मिळते. युरोपातल्या लिंडन झाडाचाच भाऊ. इजिप्तच्या फायुममधली ती मोठ्या डोळ्यांची व्यक्तिचित्रं आठवतात ना, ममीवर बांधलेली? त्यांतली बरीचशी लिंडनच्या पातळ फळ्यांवर आहेत. तापवलेलं मेण आणि रंग. तिथे जाळणं नाही, पण लाकूड, उष्णता आणि माणसाचा चेहरा हे त्रिकूट किती जुनं आहे बघा.

माझा प्रश्न: सीलर कुठला? इथे सगळे क्लिअर जेसो (रंगाआधी द्यायचा पारदर्शक अस्तराचा थर) सांगतात.

तुळसवाडी

क्लिअर जेसो चालतो. पारदर्शक असतो आणि किंचित खरखरीत, त्यामुळे रंग धरतो. त्याने गडद भाग जरा दुधाळ दिसतात एवढंच. पातळ एकच हात दे.

सीलर का हवाच हेही सांगते, कारण पुष्कळ जण तो टाळतात. कोऱ्या लाकडावर थेट तेलरंग लावला की तेल लाकडात उतरतं. रंगाभोवती तेलकट वलय पडतं, ते पुसलं जात नाही, आणि वरचा रंग तेल गमावून फिका, मेलेला दिसतो. जुन्या युरोपियन पॅनेलवर खडू-सरसाचा पांढरा थर असायचा तो यासाठीच. आपल्याला पांढरा थर देता येत नाही, डागलेलं झाकलं जाईल.

रंधा

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ मारा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लाकूड उघडं दिसतं, तेल आत जात नाही. वाळल्यावर एकदम बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवा, नाहीतर गुळगुळीत लाखेवर रंग बसत नाही. आणि कापड एकदाच फिरवायचं, मागे-पुढे केलं की काजळी ओढली जाते.

गेरू

मी रंधाच्या पंथातला. फक्त मेण काढलेली, फिकट लाख घ्या. साधी चपडा लाख सगळ्या फळीला नारिंगी झाक देते आणि मग पैलवान कावीळ झाल्यासारखा दिसतो. काजळीची भीती असेल तर पहिला हात फवाऱ्याने.

मागची बाजू विसरू नका. पुढून सीलर-रंग आणि मागून कोरं लाकूड असलं की पावसाळ्यात मागची बाजू दमट हवा पिते आणि फळी वाकते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, रंगाचा थर त्यामागे धावू शकत नाही. मोनालिसा पॉप्लरच्या एका फळीवर आहे आणि तिच्याही वरच्या कडेपासून भेग गेलेली आहे, तेव्हा आपली काय कथा! मागे आडव्या पट्ट्या देणार असाल तर त्या पक्क्या चिकटवू नका. लांबट भोकातून स्क्रू द्या, फळीला सरकायला जागा हवी.

बेंझिन_कडी

रसायनवाला म्हणून बोलतो, रसभंग होईल. या दोन माध्यमांची जोडी आगीच्या दृष्टीने वाईट आहे आणि अजून कोणी काही बोललेलं नाही.

टर्पेंटाइनची वाफ ३५ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते. डागायचं टेबल आणि रंगायचं टेबल वेगळं ठेवा, जमलं तर खोलीच वेगळी. पेनचं बटण बंद केलंय म्हणजे टोक गार झालंय असं नाही.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे जवसाच्या तेलाची फडकी. जवसाचं तेल पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. फडकं चुरगळून कचऱ्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काडीची गरज नाही. पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

तिसरं, रंगावर पुन्हा डागायला जाऊ नका. कॅडमियम, कोबाल्ट, शिशाचा पांढरा यांचा धूर फुप्फुसात घ्यायचा नसतो. आधी आग, मग रंग, परत नाही. नुसत्या लाकडाच्या धुरालाही पंखा हवा, आणि तो धूर तोंडावर फेकणारा नको, ओढून बाहेर टाकणारा हवा.

आभा_नागपूर

३५ अंश? आमच्याकडे मे महिन्यात खोलीचंच तापमान त्याहून वर असतं :( मग उन्हाळ्यात काय, नुसतं डागत बसायचं?

बेंझिन_कडी

हसू नका, पण हो. उन्हाळ्यात डागा, थंडीत रंगवा. किंवा टर्पेंटाइन सोडूनच द्या. ग्लेझला थोडं तेल पुरतं आणि ब्रश आधी तेलात, मग साबणाने साफ होतात.

तुळसवाडी

+१. या कामात रंग एवढा कमी लागतो की टर्पेंटाइनशिवाय काही अडत नाही.

टिकण्याबद्दल कोणी विचारलं नाही, पण विचारायला हवं. डागलेला काळा म्हणजे कार्बन, तो कुठे जात नाही. हलका, टोस्टसारखा डागलेला टोन उन्हात फिका होतो, आणि त्याच वेळी कोरं लाकूड पिवळं-गडद होतं. म्हणजे दोन्हीकडून अंतर कमी होत जातं आणि गालावरचं नाजूक शेडिंग आधी हरवतं. खिडकीसमोरची भिंत टाळा.

दुसरी गंमत तेलरंगाची. वर्षं जातात तसा त्याचा थर अधिक पारदर्शक होत जातो. जुन्या चित्रांत चित्रकाराने झाकलेला हात पुन्हा वर दिसायला लागतो तो त्यामुळे. तेव्हा चुकीची डागलेली रेघ पांढऱ्या रंगाखाली दडवू नका, ती एक दिवस वर येणार. खरवडून, घासून काढा. आणि हायलाइटला टायटॅनियम व्हाइट घ्या. नुसता झिंक व्हाइट तेलात कडक आणि ठिसूळ होतो, हलणाऱ्या लाकडावर तर नकोच.

मालवणी_तिरफळ

थोडं वेगळं. बस्तरला तुंब्यांवर, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यांवर, तापवलेल्या लोखंडाने नक्षी काढतात. फिरवून वाजवायच्या बांबूच्या बासऱ्यांवरही तशीच. त्यात माणसं, हरणं, झाडं असतात, नुसत्या रेघांतून. शेडिंग वगैरे काही नाही, तरी माणूस नाचतोय हे कळतं. आपण आच कमी-जास्त करण्यात फार अडकतो का?

गेरू

अडकतो. पण ती वेगळी भाषा आहे, तिला तेलरंगाची गरजच नाही. मला पैलवानाच्या पाठीवरचा घाम हवा होता, तो रेघेत सापडेना.

मिनेसोटा_मावशी

शेवटचा प्रश्न. सासऱ्यांचं चित्र करतेय, फेटा आणि मिशा डागून, चेहरा निम्मा रंगात. ऑक्टोबरमध्ये कोणाबरोबर तरी सांगलीला पाठवायचंय. व्हार्निश कधी?

तुळसवाडी

पक्कं व्हार्निश रंग पुरता वाळल्यावर, म्हणजे जाड थर असेल तर सहा महिने ते वर्ष. पातळ ग्लेझ लवकर वाळतात, पण तुझा चेहऱ्याचा पांढरा किती जाड आहे ते बघ. ऑक्टोबरला रीटच व्हार्निशचा (रंग पुरता वाळण्याआधी चालणारं तात्पुरतं व्हार्निश) पातळ हात दे आणि पक्कं नंतर सांगलीतच कोणाकडून तरी करून घे. मॅट घे, चकचकीत नको. चकाकीत खाचा दिसत नाहीत. बांधताना रंगावर बबल रॅप थेट लावू नकोस, गोल ठसे उमटतात. आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर.

सुगरण_खार

बेकिंग पेपरवरून आठवलं, हेदू पुण्यात कुठे मिळेल? दोन वखारींत विचारलं, दोघांनी सागच पुढे केला.

रंधा

हेदू म्हणून कळलं नाही तर हळदू म्हणून विचारा, उत्तरेकडून आलेला माल त्या नावाने असतो. फळी नाही मिळाली तरी तुकडे मिळतात, एका चेहऱ्याला फूटभर पुरे. नख दाबून बघा आणि वजन बघा. जड, थंड लागली तर ओली आहे, घेऊ नका. घरी आणून पंख्याच्या हवेला, सावलीत, खाली काड्या देऊन आडवी ठेवा आणि मगच रंधा मारा.